सात पेट्यांतला एकच खड्डा

मी, सुभद्राबाई व्यंकट बिरादार, वय ७२, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार बसवकल्याण, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण डोके शाबूत आहे.

१. राहते घर माझी भाची पवित्रा हिला. माजघराची भिंत पाडू नये. तिचा काही दोष नाही.

२. आवाज मोजायचा माईक व संगणकही पवित्रालाच. पुतण्या श्रीशैल याने हा माईक गणपतीत न विचारता नेला आणि दिवसभर त्यात 'हॅलो हॅलो' केले. त्याला माझी छत्री द्यावी. तीही तो हरवणारच आहे.

३. निवृत्तीनंतर मी घरीच स्पीकर बनवू लागले. पेट्या गल्लीतल्या इरप्पा पांचाळांनी केल्या, सागवानी. जाड घुमण्यापासून बारीक शिट्टीपर्यंत सगळे सूर पेटीतून वाजवायचे, माईकने टिपायचे आणि कोणता सूर कमी पडतो त्याची रेषा काढायची, हा माझा सकाळचा उद्योग. सातही पेट्यांची रेषा एकाच जागी खड्ड्यात जाई. मी इरप्पांना चारचौघांत म्हणाले, तुमचे लाकूड ओले आहे. ते म्हणाले, "लाकूड माझं हाय बाई, कान तुमचे हायत." तेव्हापासून नऊ वर्षे आमचे बोलणे नाही.

गेल्या दिवाळीत पवित्रा म्हणाली, "मावशी, पेट्या सात झाल्या, खड्डा एकच. जागा कामून बदलून बगत न्हाईस?" पेटी अंगणात नेली. खड्डा गायब. माझ्याच भिंतीवर आपटून परत येणारा आवाज त्या सुराला मारत होता. तीस वर्षे मुलांना परावर्तन शिकवलेल्या बाईला हे लिहिताना लाज वाटते. इरप्पा, चूक माझी. लाकूड कोरडे होते.

४. वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला बसू नये. म्हणून सातही पेट्या इरप्पांची सून भाग्यलक्ष्मी हिला देते. इरप्पांना काहीच नाही. मला ते साक्षीदार हवेत. वाचल्याशिवाय ते कशावरही सही करत नाहीत, आणि हे त्यांना मी मेल्यावर कळून काय उपयोग?

याआधी लिहिलेले सगळे कागद रद्द समजावेत, इरप्पांना लिहून न पाठवलेल्या तीन चिठ्ठ्यांसह.

ठिकाण: बसवकल्याण
दिनांक: १४ डिसेंबर २०२४
सही: सुभद्राबाई बिरादार

साक्षीदार:
१. राजूबाई मेत्रे, शेजारीण
२. इरप्पा पांचाळ. दोनदा वाचून बगितलो. दुसऱ्या खेपेला मोठ्यानं, बाईंच्या उजव्या कानापाशी बसून.