शालूबाईच्या वाकळेच्या मशीनची तजवीज

श्री यमाई प्रसन्न

मी, आकाराम बाळा येडगे, वय अंदाजे अडुसष्ट, शिक्षण मराठी तिसरी पास व चौथी अर्धी, पूर्वीचा धंदा कराडच्या गूळ बाजारात तोलार, हल्ली काही नाही, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, आज गुरुवारी सकाळी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की, येत्या सोमवारी मिरजेला माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आठव्या दिवशी चालत घरी जाल." पण हे म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते, म्हणून हा कागद.

माझे डोके ठिकाणावर आहे. दार लावले की नाही हे मी तीनदा बघतो, पण ते तरुणपणापासून आहे, त्याचा वयाशी संबंध नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट माझी पत्नी शालूबाई म्हणते, "आवं, हर्निया हाय. लढाईवर निगालाय व्हय? ठेवा तो कागुद."

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पडवी, हे शालूबाई हयात असेपर्यंत तिचे. नंतर मुलगा धनाजी, जो लष्करात अंबाल्यास आहे, त्याचे. चुलीवरची तीन कौले फुटकी आहेत. ती बदलताना परसातल्या शिडीवर चढू नये, तिची चौथी पायरी हलते.

कलम २. माळाचे वीस गुंठे धनाजीस. बांधावरची बाभूळ माझी आहे. थोरला भाऊ हरिबा ती आपली म्हणतो. या भांडणामुळे एकवीस वर्षे आम्ही दोघांनीही तिची फांदी तोडलेली नाही, त्यामुळे ती फार मोठी झाली आहे. तिच्या सावलीत आम्ही दोघेही भाकरी खातो, पण वेगवेगळ्या अंगाला बसून. मी गेल्यावर हरिबाने कोणत्याही अंगाला बसावे.

कलम ३. माझा काटा व वजने कोणास देऊ नयेत. पाच किलोचे वजन थोडे कमी भरते असा मला अकरा वर्षे संशय आहे. ते परसात पुरावे.

कलम ४. पत्र्याच्या पेटीत साडेतीनशे रुपये आहेत. ते पोस्टात माझ्या नावावर होते, पण माझे नाहीत. शालूबाईने बावीस वर्षे लोकांची जुनी लुगडी, धोतरे थरावर थर घालून वाकळा शिवल्या, त्याचे ते आहेत. गेल्या शिमग्यात तिच्या मशीनची लोखंडी मान तडकली व ती जोडता येणार नाही असे सगळ्यांनी सांगितले. तेव्हापासून ती हाताने शिवते. आता तिला उजव्या अंगठ्याने सुई धरवत नाही. थंडी पडली आहे, सात गिऱ्हाइकांची गाठोडी पडवीत पडून आहेत. आठवे गाठोडे तिने परत पाठवले त्या दिवशी ती जेवली नाही. मला मरणाची धास्ती आहे ती मुख्यतः यासाठी, की मशीन येण्याआधी मी जाईन व पैसे भलतीकडे जातील. सबब माझ्या तेराव्याला यातला पैसा मोडू नये. हरिबा म्हणेल, "आकारामचं तेरावं हाय, लाडू तरी पायजेत की." लाडू करू नयेत. धनाजीनेही रजेवर येऊन पेटीत मिटणारे, नक्षीचे हलके मशीन आणू नये. त्यावर झंपर होतो, वाकळ होत नाही.

कलम ५. मशीन निवडण्याची रीत. नव्याला पाचशेच्या वर पडतात, तेव्हा शिंप्याने वापरलेले घ्यावे, पण मानेखाली जागा बघावी, गुंडाळलेली वाकळ तिथून सरकली पाहिजे. कापड पुढे ओढणारे दाते झिजलेले नसावेत. दुकानदार चिंधीवर टीप घालून दाखवतो, त्यावर भाळू नये. घरची वाकळ बरोबर न्यावी आणि टीप कोपऱ्यावर घालायला लावावी, कारण कोपरा सगळ्यात जाड. बाजारात गुळाची ढेपसुद्धा मी खालूनच बघत आलो. अशा रीतीने मी साताऱ्यात, कराडात व सांगलीत मिळून तीन मशीने पारखली आणि तिन्ही ठिकाणी सुई काडकन मोडली. सांगलीचे दुकानदार नानासो तर चारचौघांत म्हणाले, "मामा, वाकळंत दगूड शिवलाय का काय?" मी म्हणालो, "दगूड तुमच्या मशिनीत हाय," आणि निघून आलो.

कलम ६. नानासोच्या दुकानातून माझ्या वारसांनी पिढ्यान्‌पिढ्या सुईसुद्धा घेऊ नये.

(वरील कलम ६ रद्द. त्यावर मारलेली रेघ माझीच आहे. येथून पुढचा मजकूर शनिवारी लिहिला.)

रद्द करण्याचे कारण असे. गुरुवारी दुपारी मी इथवरचा मजकूर शालूबाईस वाचून दाखवला, कारण तिला वाचता येत नाही. ती भाकरी थापत होती. मी कोपऱ्यापाशी आलो तेव्हा तिचा हात थांबला.

"कंची वाकळ न्हेली हुती?"

"आपली पांघरायची. तांबड्या काठाची."

"आन् कंचा कोपरा?"

"पायाकडचा. त्योच जाड हाय."

"तिन्ही दुकानांत त्योच?"

"मग? माप एकच पायजे."

तिने पिठाच्या हातानेच कपाळ धरले. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. तव्यावरची भाकरी करपली तरी थांबेना. "आवं, त्या कोपऱ्यात पैसा हाय! तांब्याचा!"

आमच्या घरची रीत अशी आहे, म्हणजे मला परवा कळली, की वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात एक पैसा घालून तो शिवून टाकतात, म्हणजे पांघरणारा माणूस रिकाम्या हाताने निजत नाही. ही रीत माझ्या आईने शालूबाईस शिकवली. पुरुषांना सांगत नाहीत, नाहीतर ते उसवून तंबाखू आणतील. आईच्या वाकळा धरल्या तर मी अडुसष्ट वर्षे त्या पैशाला पाय लावून निजलो आणि त्याला दोऱ्याची गाठ समजलो.

"मला का न्हाई सांगितलंस?" मी विचारले.

"तुमी मला का न्हाई न्हेलं? शिवनार कोन?"

मी करपलेली भाकरी तव्यावरून काढली.

शुक्रवारी पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघे सांगलीस गेलो. मी दुकानाच्या पायरीवरच थबकलो. नानासो म्हणाले, "या मामा, आज किती सुया मोडायच्या?" मी माफी मागितली व हकिगत सांगितली. ते इतके हसले की शेजारच्या बांगडीवाल्यास बोलावून मला ती परत सांगायला लावली. मी सांगितली. दुसऱ्या वेळेस मलाही हसू आले.

मी नापास केलेले मशीन अजून तिथेच होते. मी शालूबाईपाशी त्याचे गुण सांगू लागलो, तर ती पुढे जाऊन भिंतीकडच्या एका जुन्या काळ्या मशीनपाशी उभी राहिली. त्याला खण नव्हता.

"अगं, त्याचा रंग गेलाय," मी म्हणालो.

"माजा न्हाई गेला व्हय?"

ती स्टुलावर बसली. हाताने चाक फिरवून कान देऊन ऐकले. मग पाय चालवले, वाकळ मानेखाली सारली व मधल्या भागापासून कडेपर्यंत एका दमात टीप नेली. कोपऱ्याच्या चार बोटे अलीकडे थांबली. टीप उलटून बघितलीसुद्धा नाही, नुसता तळवा फिरवला आणि म्हणाली, "ह्येच."

नानासोंनी तीनशे वीस सांगितले आणि दोनशे नव्वदला दिले. वर म्हणाले, "मामी, बाकीचं नगं. आमच्या घरला एक वाकळ शिवून द्या. पैसा घालून." मोडलेल्या सुयांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

मशीन एस.टी.च्या टपावर बांधले. कराड येईपर्यंत मी दर थांब्यावर उतरून दोर बघत होतो. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुमीच टपावर बसा की."

कलम ६, नव्याने. हे मशीन माझ्या मिळकतीत धरू नये. पावती शालूबाई आकाराम येडगे या नावाची आहे, ती मी चारदा वाचली. उरलेले साठ रुपयेही तिचेच. मी कोणास देण्याचा प्रश्न येत नाही. लाडू तरीही करू नयेत.

कलम ७. आज सकाळपासून मशीन चालू आहे. एक वाकळ उतरली, दुसरीची कड बाकी आहे. शालूबाईस सगळे जमते, फक्त सुईच्या नेढ्यात दोरा ओवताना दिसत नाही, तेव्हा दर घटकेस मला हाक येते. त्यामुळे हा कागद लिहिण्यास फार वेळ लागला. आत्ता तिने विचारले, "मिरजंत किती दीस?"

"आठ. बरं हुईपतोर."

"आन् दोरा कोन ववनार?"

"आठ दिसांचा ववून ठेवून जातो."

"आसा ववून ठिवता येत न्हाई, आवं. तुमालाच यावं लागंल."

सबब, वरील सर्व कलमे कायम ठेवून, मी पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने व कोणाच्याही दबावाखाली नसताना (शालूबाईचा धरू नये) असे लिहून देतो की, मी परत येणार आहे.

लिहिणार व लिहून देणार: आकाराम बाळा येडगे, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार, ज्यांना या कागदान्वये काहीही मिळणार नाही व ज्यांना तसे आधी सांगितले आहे:
१. जोतीराम रामू सातपुते, शेजारी, सही
२. सिद्धू तुका थोरात, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम मलकापूर, शनिवार, दिनांक २० नोव्हेंबर १९७६