मोरपिशी कुबड्या परत मिळण्याबाबत

दिनांक : ४ जुलै २०२५

प्रति,
मा. संपदा अधिकारी,
कुरिंजी कर्मचारी वसाहत,
कार्यालय : दुसरा मजला,
पूर्व तांबरम, चेन्नई.

विषय : १४ जून रोजी जप्त केलेल्या ॲल्युमिनियमच्या दोन कुबड्या, रंगकाम अर्धवट असले तरी, आहेत तशा तात्काळ परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्ज दि. १६ जून (इंग्रजी). उत्तर नाही.
२) अर्ज दि. २० जून (तमिळ). ‘मूळ इंग्रजी प्रत जोडावी’ या शेऱ्यासह परत.
३) आपले पत्र दि. १ जुलै.

महोदय,

आपण मूळचे अकोल्याचे, असे फाटकावरच्या नारायणस्वामींनी सांगितले, म्हणून हा तिसरा अर्ज मराठीत केला आहे. आता भाषेची सबब उरलेली नाही.

१. अर्जदार कौमुदी निमकर, क्वार्टर बी-१४, ही संरक्षण कारखान्याच्या मुलामा विभागात सोळा वर्षे नोकरीला आहे. ॲल्युमिनियमवर रंग चढवणे हे तिचे रोजचे काम, आणि ॲसिड नीट हाताळल्याचे प्रमाणपत्र कारखाना तिला दरवर्षी देतो. तरीही जप्तीची नोटीस निघाली ती तिचे पती श्री. आशिष यांच्या नावे. घरात ॲसिड सापडले म्हणजे ते पुरुषानेच आणलेले असणार, असे कार्यालयाने परस्पर ठरवून टाकले. आशिष बँकेत कारकून आहेत. घरातला बल्बसुद्धा कौमुदीच बदलते. त्यांनी खरे तेच लिहून दिले की, या कामातले आपल्याला ओ की ठो कळत नाही. त्यावर ‘संबंधिताने कानांवर हात ठेवले’ अशी नोंद झाली.

२. अर्जदाराची मुलगी कु. प्राची, वय अकरा, कुबड्यांशिवाय चालू शकत नाही. तिचे उजवे मनगट वळत नाही, त्यामुळे त्या कुबडीची मूठ तिरकी लागते आणि तशी जोडी बाजारात मिळत नाही. कौमुदीने ती स्वतः नळ्या कापून, मुठी घासून बनवली. यंदा सहावीत नवी शाळा. प्राची म्हणाली, ह्या दवाखान्यातल्या वाटतात, माझ्या वाटत नाहीत. मग टी. नगरच्या दुकानात आईसाठी साडी बघताना तिनेच एका काठावर बोट ठेवले. मोरपिशी, नारायणस्वामी ज्याला ‘मयिल कळुत्तु’ म्हणतात तो रंग. लेकीने कुबड्यांच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा काही हौसेने मागितले होते. कौमुदीने त्याच रविवारी कामाला सुरुवात केली.

३. पंचनाम्यात मागच्या व्हरांड्यात ‘अनधिकृत नळजोडणी’ आढळल्याचे लिहिले आहे. तो खाली बूच बसवून उभा केलेला सहा इंची पीव्हीसी पाइप होता. कुबडीची नळी लांब, ती बादलीत बुडत नाही, म्हणून सौम्य ॲसिड त्या पाइपात भरले होते. ॲसिडात वीज सोडली की ॲल्युमिनियमवर सूक्ष्म छिद्रांचा पातळ थर चढतो, त्या छिद्रांत रंग शिरतो, आणि शेवटी अर्धा तास वाफ दिली की छिद्रे मिटून रंग आत कायमचा बसतो. पाइप कोणत्याही नळाला जोडलेला नव्हता. नुसता हलवून पाहिला असता तरी कळले असते.

४. आपले पथक आले तेव्हा नळ्या रंगातून नुकत्याच बाहेर काढल्या होत्या. शेगडीवर इडलीच्या भांड्याला उंच डबा जोडून वाफ तयार होती. कौमुदीने हात जोडले, अर्धा तास थांबा, मग काय न्यायचे ते न्या, असे विनवले. थांबणे नियमात बसत नव्हते. नारायणस्वामींनी हुकमाप्रमाणे नळ्या ओल्या हातांनी उचलल्या. वाफ न दिलेला रंग हाताला लागतोच. त्यांच्या निळ्या तळव्यांचा फोटो आपण ‘विषारी द्रव्याचा पुरावा’ म्हणून जोडला आहे. नारायणस्वामींनी त्याच तळव्यांनी घरी जाऊन दहीभात खाल्ला आणि ते आजही फाटकावर ठणठणीत उभे आहेत.

५. कौमुदी काम झाल्यावर ॲसिडात धुण्याचा सोडा घालते, फसफस पूर्ण थांबल्यावरच ते टाकते. आपल्या पथकाने ते तसेच गटारात ओतले. पंचनाम्यात मात्र लिहिले की, अर्जदार गटारात ॲसिड सोडते. सोळा वर्षांत जे तिने एकदाही केले नाही ते आपण तिच्या डोळ्यांदेखत केलेत आणि तिच्या नावावर टाकलेत.

६. व्हरांड्यात काम केल्याबद्दल जो काही दंड असेल तो अर्जदार भरेल. व्हरांडा सील ठेवा, हत्यारे ठेवा, पाइप तर खुशाल आपल्याकडेच राहू द्या. पण ज्या वस्तूवर मूल उभे राहते ती वीस दिवस ‘मुद्देमाल क्र. ३’ म्हणून कोठीत पडून आहे. जुनी लाकडी जोडी चार बोटे आखूड पडते, तिच्यावर प्राची दोनदा पडली. नवी बनवावी तर हत्यारे कुलपात. नव्या शाळेत तिने अजून पाऊल ठेवलेले नाही. आईने रंगवायला घेतल्या म्हणून गेल्या, असे ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरे झाले असते.

७. आता आपले १ जुलैचे पत्र. त्यात म्हटले आहे की, कुबड्या वापरणारी व्यक्ती हीच मालक असल्याने तिने स्वतः दुसऱ्या मजल्यावर हजर राहून सही करावी, पालकाची सही चालणार नाही. इमारतीची लिफ्ट फेब्रुवारीपासून बंद आहे. कौमुदीने पत्र तीनदा वाचले, चौथ्यांदा मोठ्याने वाचले, आणि ते प्राचीने ऐकले.

८. तरी कळवण्यात येते की, सोमवार दि. ७ जुलै रोजी सकाळी ठीक अकरा वाजता मालक हजर होईल. तिला उचलून आणले जाणार नाही. तशी सक्त मनाई तिनेच केली आहे. ती पायरीवर बसेल, हात टेकून पाठमोरी वरच्या पायरीवर सरकेल, आणि अशी वर येईल. पायऱ्या अडतीस आहेत, अर्जदार मोजून आली आहे. त्या वेळी कार्यालयात गर्दी असते. जिन्यावर कोणी बाजूला सरायला सांगितले तर ती सरणार नाही.

किंवा आपण कुबड्या घेऊन खाली यावे. उतरतानाही पायऱ्या अडतीसच आहेत, आणि आपले दोन्ही पाय धडधाकट आहेत. कोणी यायचे ते आपणच ठरवावे. अर्जदार लेकीसह खालच्या पायरीपाशी असेल.

सही करण्यासाठी पेन मालक स्वतःचे आणेल.

आपली,
नम्रतेचा साठा संपत आलेली,

(सही)
कौमुदी आशिष निमकर
क्वार्टर बी-१४

सोबत :
१) ॲसिड हाताळणीचे प्रमाणपत्र, चालू वर्षाचे.
२) आपल्या १ जुलैच्या पत्राची प्रत.
३) मालकाचा फोटो मागितला आहे, तो जोडलेला नाही. सोमवारी जिन्यात प्रत्यक्ष पाहता येईल.