पाचव्या जिन्यावरचं बाहेरचं दार

रविवार, ७ ऑक्टोबर १९७९

काल मी लिहिलं की जिन्याच्या माथ्यावर मी एकटीच राहते, समोरची खोली रिकामी आहे. हे चूक आहे. बाबांचा नियम असा, की रोजनिशीतली चूक खोडायची नाही, दुसऱ्या दिवशी तारीख घालून दुरुस्त करायची. तेव्हा दुरुस्ती: समोर जिल ट्रेगोनिंग नावाची मुलगी राहते. काल तिचं दार बंद दिसलं, म्हणून मी तसं लिहिलं. आज सकाळी ती स्वतःच केशर घातलेले गोड पाव घेऊन माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "काल बघून न बघितल्यासारखं केलंस हं! मला वाटलं, शेजारी कुणा लॉर्डाची लेक आली की काय." मी गुरांच्या डॉक्टरांची मुलगी आहे हे कळल्यावर ती इतकी हसली की पाव खाली पडला. तिने तो फुंकून खाल्ला. ती कॉर्नवॉलची, तिच्या वडिलांची मासेमारीची बोट आहे.

मला फार आनंद झाला आहे. बाबा आणि आत्या यांनी मला घरीच शिकवलं, आमची शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. मैत्रीण कशी करतात ते मला माहीत नव्हतं. ती पाव घेऊन येते हे आज कळलं.

सेंट ट्यूडा कॉलेजला पाचशे वर्षं झाली, आणि मुलींचं हे पहिलंच वर्ष. तीनशे मुलांत आम्ही चौदा. देवडीवरचे मिस्टर डॉलिमोर यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. त्यातला एक मला विशेष आवडला. इथे प्रत्येक खोलीला दोन दारं असतात, आतलं साधं आणि बाहेरचं जाडजूड ओकचं. बाहेरचं लावलेलं असलं की आतल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, मित्राने नाही, प्राध्यापकानेही नाही. ज्याला अपवाद नाही असा नियम पाळायला सोपा जातो.

बुधवार, १७ ऑक्टोबर

रोज चार वाजता जिल माझ्याकडे येते. आम्ही गॅसच्या शेगडीवर पाव भाजतो, ती रसायनशास्त्राला शिव्या घालते. जेवणाआधीची लॅटिन प्रार्थना मी तिला शिकवली, तेव्हापासून ती मला पंतोजी म्हणते.

आमचा जिना मिसेस पर्किस झाडतात. त्यांची आईसुद्धा याच जिन्यावर कामाला होती. मुलींच्या खोल्यांना पाच मिनिटं पुरतात असं त्यांचं मत. एका मुलाच्या बुटात म्हणे उंदराची पिल्लं निघाली होती. "आणि साहेब म्हणतात, 'मिसेस पर्किस, बूट चावतो हल्ली.'"

सोमवार, १२ नोव्हेंबर

जिलच्या वडिलांची बोट परत आली नाही. दहा दिवस घरी राहून ती काल आली. देवडीपाशी भेटली. मी तिचा हात धरला. तो गरम होता. तिला खोकला झाला आहे.

आज चारला ती आली नाही, म्हणून मी सूप घेऊन तिच्याकडे निघाले. तिचं बाहेरचं दार लावलेलं होतं. मी परत फिरले. आई गेली तेव्हा मी तीन दिवस तबेल्यात बसून होते, आणि बाबांनी मला तसं बसू दिलं. दुःखाला एकांत लागतो. मी तो मोडणार नाही.

सोमवार, १९ नोव्हेंबर

सात दिवस दार लावलेलंच. मी दिवसातून चार वेळा पाहते, वर येताना आणि खाली जाताना. पाहून आत जाते.

आज भोजनगृहात जिल दिसली. फार वाळली आहे. मला म्हणाली, "कळलं हो, पंतोजी. कामात असतेस." मला वाटलं, त्रास दिला नाही म्हणून आभार मानते आहे. मी म्हटलं, "त्यात काय मोठं." ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. रात्री ती जेवायला खाली आली नाही.

सोमवार, २६ नोव्हेंबर

दुपारी दोन वाजता समोरच्या दारातून आवाज आला. ठोकल्यासारखा, पण खालून, जमिनीच्या जरासं वरून. आत कुणी दाराशी बसून बोटाच्या पेरांनी वाजवावं तसा. मी जिन्यात चार मिनिटं उभी होते. बाहेरून ठोठावण्याची मनाई आहे. आतून ठोठावलं तर काय करायचं, हे मिस्टर डॉलिमोर यांनी सांगितलेलं नाही.

मी आत गेले. हे लिहून ठेवलं पाहिजे.

बुधवार, २८ नोव्हेंबर

मिसेस पर्किस आज माझ्यावर रागावल्या. बादली दाणकन खाली ठेवून म्हणाल्या, "माझं काम नाही बोलायचं, पण बोलते. ती पोर दार सताड उघडं टाकून दिवसभर खुर्चीत बसते, तोंड जिन्याकडे करून. कुणासाठी? तुमच्यासाठी! तुम्ही वर येता, ती हात करते, तुम्ही सरळ तिच्या तोंडाकडे बघता आणि आपल्या खोलीत शिरता. बाप गेलाय हो तिचा! दगडाला पाझर फुटेल."

मी म्हटलं, तिचं बाहेरचं दार लावलेलं असतं.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या खोलीला बाहेरचं दार नाहीच. मुली येणार म्हणून ऑगस्टमध्ये तेवढं एक काढलं. मागच्या बागेत जाळलं. मी उभी होते तिथे."

त्यांच्यादेखत मी जिन्यात गेले. दार होतं. मी तळवा ठेवला. लाकूड गार, मधोमध एक गाठ, लोखंडी खिळे. मिसेस पर्किस म्हणाल्या, "हवेत हात काय धरलाय तसा?" आणि माझ्या खांद्यावरून आत बघून म्हणाल्या, "झोपलीय बिचारी."

गुरुवार, २९ नोव्हेंबर

मिसेस पर्किस यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या आईच्या वेळची गोष्ट. १९१९ साली युद्धावरून परतलेले मिस्टर स्ट्रिकलंड त्या खोलीत राहत. तापाची साथ होती. दार लावलेलं बघून सगळ्यांना वाटलं, परीक्षेचा अभ्यास चालला आहे. माझ्या खोलीत त्यांचा जिवलग मित्र होता. तोही त्या दारावरून रोज जायचा, चवड्यांवर, आवाज होऊ नये म्हणून. त्यांच्या आईने शेवटी किल्लीने उघडलं, तर मिस्टर स्ट्रिकलंड दाराशीच मरून पडले होते. दार आतून खालच्या बाजूला खरवडलेलं. "एकानेही ठोठावलं नाही. सगळी सभ्य मुलं होती ना," असं म्हणून त्या रडल्या.

मी विचारलं, आता काय करायचं. त्या म्हणाल्या, जे तेव्हा कुणी केलं नाही ते.

म्हणजे ठोठावायचं. मी हात उचलला. खरंच उचलला. पण अठरा वर्षं ज्या हाताने विचारल्याशिवाय बिस्किटसुद्धा घेतलं नाही, तो हात —

शनिवार, १ डिसेंबर

मिसेस पर्किस तापाने घरी आहेत. खालच्या मजल्यावरची मुलं नौकांच्या शर्यतीला गेली. जिन्यावर आम्ही दोघीच. पलीकडे खोकला, रात्रंदिवस.

देवडीवर गेले. मिस्टर डॉलिमोर यांना म्हटलं, मिस ट्रेगोनिंग आजारी आहे, दार लावलेलं आहे. ते पत्रं लावत होते. म्हणाले, "दार लावलंय ना? मग अभ्यास करतेय, मिस. पाचशे वर्षांत कुणी त्याला बोट लावलं नाही, तुम्ही नका लावू."

ते दार जाळलेलं आहे, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. वेडी समजून घरी पाठवतील, ही भीती. म्हणजे स्वतःपुरती भीती. हेही लिहून ठेवते.

सोमवार, ३ डिसेंबर

दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'जिल, मी तुला पाहिलं नाही. शपथेवर सांगते, मला तू दिसतच नव्हतीस. मी इथेच आहे.'

चिठ्ठी आत गेली. मी वाट पाहिली. मग ती परत बाहेर आली — हळूहळू, सरळ रेषेत — वाचलेली नव्हती, घडीसुद्धा मोडली नव्हती —

मंगळवार, ४ डिसेंबर

ठोठावलं. सकाळी अकरा वाजता, तीनदा.

आतून पुरुषाचा आवाज. तरुण, अतिशय नम्र. म्हणाला, आज नको, कृपा करून. थोडंसं काम राहिलं आहे. शुक्रवारी या.

आणि मी — मी "बरं" म्हटलं. "क्षमा करा" म्हटलं. चवड्यांवर परत आले.

त्याच्या मागे जिल खोकत होती.

बुधवार, ५ डिसेंबर

दुपारी बारा — खोकला थांबला.

एक — अजून खोकला नाही.

दोन. पेरांचा आवाज. खालून. एकदाच. त्याचा नव्हे, तिचा — त्याचा कसा असतो ते रात्रभर ऐकून आता मला कळतं —

शब्द दिला आहे शुक्रवारचा. दिलेला शब्द मोडू नये असं बाबा — पण बाबा, मी तो कुणाला दिला आहे?

तिचा हात गरम होता. मला तेव्हाच —

शुक्रवार नाही. कुणी विचारलं तर तारीख असावी, म्हणून लिहिते. बुधवार, ५ डिसेंबर १९७९, दुपारी तीन. आजच. ठोठावणार नाही, विचारणार नाही. दार असलं तरी, नसलं तरी, मी सरळ आत —