तिसऱ्या ओळीचा चहा

सौंसर, बुधवार

प्रिय हिमानी,

शुक्रवारपर्यंत कॉलेजला हो की नाही कळवायचं आहे, हे मी विसरलो नाही. तरी आधी इकडचं ऐक. काल लोधीखेड्याला कवडूदादांचा संत्र्याचा बगीचा सौद्याआधी पाहायला गेलो. फळं लिंबाएवढी झालीत. रस्त्याकडची झाडं लदलेली, आणि तिसऱ्या ओळीत पोचलो तर चहा हजर! “बाकी बगीचा असाच हाय, गुणवंताभाऊ. उन्हात कायले फिरता?” मी कप हातात घेतला आणि पीतपीत थेट नाल्यापर्यंत गेलो. तिकडची निम्मी झाडं रिकामी. दादा मागे उभे राहून हसून राहिले होते.

हा चहा पहिल्यांदा तूच पकडला होतास. बारा वर्षांची असशील. मोटरसायकलवर मागून विचारलंस, “बाबा, चहा नेहमी तिसऱ्याच ओळीत काहून येते?” मी गाडी थांबवून तुझ्याकडे पाहिलं. माणूस काय बोलत नाही ते ऐकून मी धंदा उभा केला, पण हे माझ्याही कानातून सुटलं होतं.

मग तुझी ती प्रवेश परीक्षेची जाडी पुस्तकं आली. माझी शाळा आठवीत सुटलेली, इंग्रजीच्या नावानं शून्य. तू ओसरीवर बसून प्रश्न मराठीत सांगायचीस, आई भाजी निवडत ऐकायची. गावात दवाखाना उघडला, नोंदलेले रोगी वाढले, म्हणून गावात आजार वाढला; यातली कच्ची बाजू कोणती? तू पाच पर्यायांत अडकलेली. मी म्हणालो, “अवं, आधी हेच लोक बसनं नागपूरले जात होते, ते कोनं मोजले?” उत्तर बरोबर निघालं. तू पुस्तक आपटलंस, आणि आई म्हणाली, “यायलेच बसवा परीक्षेले!” तेव्हापासून न तपासता मान्य करायला लावलेल्या प्रत्येक गोष्टीला आपण ‘तिसऱ्या ओळीचा चहा’ म्हणू लागलो. एक नियम मात्र मी रोज मोडायचो. प्रश्नात नाही ते मनानं घालायचो, आणि तू ओरडायचीस, “बाबा, बाहेरचं टाकू नका!”

आईला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. रविवारी तू फोनवर म्हणालीस, “आई नाही, तुम्ही एकटे, म्हणून सीट सोडून देते.” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. तीन दिवस तोच प्रश्न सोडवून राहिलो. आई नाही, खरं. मी एकटा, तेही खरं. तुझी आठवण येते, भाजी निवडायला बसलो की जास्त. हेही लिहून टाकतो. पण ‘म्हणून हिमानीनं परत यावं’ हे यातून कुठे निघतं? बापाचं तुझ्याशिवाय चालणार नाही, हा तिसऱ्या ओळीचा चहा आहे, बेटा. तो घे, पण तिथंच थांबू नको.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण तुझे कान माझ्यावर गेलेत. मी ‘सीट घे’ म्हटलं असतं, आणि तू शब्द सोडून माझा आवाज ऐकला असतास. म्हणून कागद. सकाळच्या नागपूर बसच्या कंडक्टरजवळ देऊन राहिलो. सीट घे. लिहिलंय तेवढंच धर, बाहेरचं टाकू नको.

तुझाच, परीक्षेला कधी न बसलेला,
बाबा