मोरीत ओतायचा काढा

सोमवार
मिळालं बाबा घर एकदाचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, आणि माझं औषधाचं दुकान इतकं जवळ की दुपारी जेवायला घरी येता येईल. हिला तिसरा महिना लागलाय, तरी सामान लावताना मुकादमासारखी माझ्यावर ओरडत होती. मी हमाल झालो होतो आणि खूश होतो. घरमालकीण मावशी शेजारीच राहतात. बोलायला गोड, भाडंही बेताचं. अट एकच: त्या देतील तो काढा रोज संध्याकाळी वाटीभर मोरीत ओतायचा, खंड पडू द्यायचा नाही. का, तर म्हणाल्या, या घराला मळमळतं. मी तोंड फिरवून हसलो. मालकीणच ती, मान डोलवण्यात आपलं काय जातं?

बुधवार
हिच्या पोटात पाणी ठरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन असंच उतरत राहिलं तर बाळाला धोका आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांना शहाणपण शिकवतो आणि घरी माझी मात्रा चालत नाही. जीव नुसता टांगणीला लागलाय. हिला धीर यावा म्हणून समजावलं, की पोट बिचारं हुकमाचं ताबेदार, हुकूम डोक्यातून सुटतो. आधी तोंडाला पाणी सुटतं, वर येणाऱ्या आंबटाने दात खराब होऊ नयेत म्हणून. मग गार घाम. मग श्वासाची वाट बंद होते, आणि पोट आवळतं. ही म्हणाली, व्याख्यान पुरे, बादली आणा. उलटी झाली की हिला लगेच सडकून भूक लागते. बिस्किटांचा पुडा फस्त, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गुरुवार
काढ्यात काय असतं ते मावशींना विचारलं. आलं, लिंबू, पुदिना, मध. चाखून पाहिला, फक्कड होता. असलं औषध मोरीत ओतायचं म्हणजे माझ्यासारख्याच्या जिवावर येतं. वाटी हिलाच पाजली. मोरीत तांब्याभर साधं पाणी ओतलं. ही आज पोटभर जेवली आणि ते पोटात राहिलं. मला रडूच आलं.

शनिवार
हिच्या गालांवर रंग चढलाय, भांडी घासताना गुणगुणत होती. मावशींनी विचारलं, काढा ओतता ना? मी ओततो म्हणून थाप मारली. बरं नाही वाटलं, पण हिच्यापुढे मोरीचं काय कौतुक?
मोरीत मात्र पाणी वर येतंय. चिकट, तार धरणारं. प्लंबरने नळी उघडून पाहिली, आत खडखडीत कोरडी. मग हे येतंय कुठून, असं तो मलाच विचारायला लागला.

सोमवार
बाहेर ऊन आणि भिंतींना ओल. हात लावला तर गार. थेंब धरतात, ओघळतात. उगाच डोक्यात काही घ्यायचं नाही, असं स्वतःला दटावलं. ही म्हणते, पायाखाली काहीतरी हलतंय.
मावशींच्या घराला कुलूप. समोरचा शिंपी म्हणाला, सकाळी तुमच्या मोरीतलं पाणी बघून आल्या आणि सामान घेऊन गेल्या, मागे वळूनही बघितलं नाही. मी आलं, लिंबू आणून स्वतः काढा उकळला. पातेलंभर ओतला.
सगळा परत वर आला.
उद्या हिला माहेरी पोचवतो.

मंगळवार, सकाळ
बॅग भरली आहे. दार उघडत नाही. खिडक्याही उघडत नाहीत. चौकटी फुगून घट्ट बसल्यात — श्वासाची वाट बंद होते — मीच सांगितलं होतं हिला, मीच —
हाका मारून घसा बसला. शिंपी समोरच मशीन चालवतोय, त्याला ऐकू जात नाही.

दुपार
जमीन आवळली. कपाट पडलं. हिला पलंगावर बसवलंय, पोटाशी हात धरून बसली आहे. पुन्हा आवळली. मोरीतून — आधी बांगड्या. मग एक चप्पल. केसांचा पुंजका. लोकरीचा मोजा, माझ्या अंगठ्याएवढा —
हिने तो पाहिला. तिला बघू द्यायचा नव्हता मला.

थोड्या वेळाने
थांबलं. भिंती कोरड्या झाल्या. ही म्हणते, झालं, पोट रिकामं झालं घराचं, आता दार उघडेल.
तिला काय सांगू. दार उघडत नाही. उलटी झाली की लगेच —
पलंग मोरीकडे सरकतोय. मी पाय रोवून हिचा हात धर