ताराचं रिंक

महादुला, कोराडी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तू बरा असशील. नाशिकला थंडी लवकर पडली असं बातम्यांत सांगत होते, छातीला जप. आमच्याकडे सगळं ठीक. दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या, शाळेत माझं शिकवणं सुरू झालं. बाबांचे गुडघे सोडले तर तब्येत चांगली आहे. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात. हयातीचा दाखला द्यायला बँकेत एकटेच जाऊन आले, मला शाळेतून आल्यावर कळलं.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. फोनवर मी ‘बाबा’ म्हटलं की तुझ्या दारात लगेच कोणीतरी येतं, म्हणून लिहायला बसले.

काम असं आहे. वीज केंद्राच्या कॉलनीतले जुने क्वार्टर पाडायला घेतलेत. आपल्या लाइनीतले अर्धे गेले. क्लबचे जुने सेक्रेटरी नानाजी तुला आठवत असतील. ते सगळ्या जुन्या लोकांचं एक संमेलन घेतायत, त्यात एक स्मरणिका काढायची आहे. स्केटिंग रिंकचा इतिहास त्यांनी माझ्या गळ्यात टाकला. “देवरावची पोरगी हायेस, तूच लिही वं,” म्हणाले. जेवढं जमलं ते असं, चुकलं असेल तर कळव.

क्लबच्या मागे टेनिसचं मैदान करायचं ठरलं होतं. बाबा तेव्हा ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेले होते. तिथल्या कॉलनीत त्यांनी पोरं चाकांवर पळताना पाहिली आणि परत आल्यावर तेच धरून बसले. टेनिस चार साहेब खेळतील, यावर शंभर पोरं खेळतील, असं त्यांनी कमिटीत सांगितलं. फरशी ओतली तेव्हा ते ड्यूटी संपवून सरळ तिथे जायचे आणि मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसायचे. पहिली स्केट्स बुटांवर पट्ट्याने बांधायची होती, लोखंडी चाकांची. सकाळी रिंकवर राखेचा थर बसलेला असायचा आणि राखेवर चाक सरकतं, म्हणून आधी सगळ्यांनी झाडू मारायचा हा बाबांचा नियम होता. साहेबाचा पोरगा असो की हेल्परचा, हातात झाडू आलाच. मग नागपूरच्या स्पर्धा सुरू झाल्या. धरमपेठच्या पोरी पांढऱ्या बुटांची स्केट्स घालून यायच्या, आणि आपल्या कॉलनीची एक मुलगी पट्ट्याच्या स्केट्सवर त्यांच्या पुढे निघायची. ती पहिली आली त्या वर्षी स्टाफ बसमध्ये तिला ड्रायव्हरच्या शेजारी बसवून आणलं, बस गेटपासून हॉर्न वाजवत आली.

इथपर्यंत त्र्याण्णव साल झालं, त्यात ताराचं नावसुद्धा मी लिहिलेलं नाही. पुढे मी थेट शहाण्णव लिहिलंय. शाळेची कवायत रिंकवर व्हायला लागली, मग गणपतीचा मांडव, मग लग्नं. नंतर पोरं कमी झाली, बाभळी वाढल्या.

मधल्या वर्षांचं काय लिहू? नानाजींना विचारलं. ते म्हणाले, “ते राहू दे. वाचणाऱ्याले काहून दुःख द्यायचं?” म्हणून मी ते राहू दिलं. पण दादा, आपल्या घरात आपण तीसेक वर्षं तेच करत आलोय.

मी तेव्हा चौथीत होते. मला जे आठवतं ते तुला माहीतच आहे. स्पर्धा जवळ आली होती. संध्याकाळच्या सरावात आपली तारा वळणावर मागच्या मागे पडली, डोकं फरशीवर आपटलं. ती हसत उठली. तू म्हणालास, “बाबा, हिले दवाखान्यात दाखवू.” बाबा म्हणाले, “पडली तं उठली ना. चल तारा, अजून एक राऊंड.” तिने तो राऊंड मारला. रात्री नीट जेवली, माझ्याशी पांघरुणावरून भांडली. सकाळी आईने हाक मारली तर उठली नाही.

स्मशानात सगळ्यांच्या देखत तू बाबांना म्हणालास, “तुम्ही मारलं तिले.” मग तू गेलास तो गेलासच. आई गेली तेव्हा आलास, माझ्याशी बोललास, बाबांना ओलांडून निघून गेलास.

बाबा त्या वाक्यावर कधीच काही बोलले नाहीत. आईशी नाही, माझ्याशीही नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते.

रिटायर झाल्यापासून बाबा रोज संध्याकाळी फिरायला जातात. मला वाटायचं, विहारापर्यंत जात असतील, तिथे म्हातारी माणसं बसतात. यंदा पावसाळ्यात एकदा ते छत्री विसरले म्हणून मी मागून गेले. ते कॉलनीच्या गेटातून आत वळले आणि रिंकवर गेले. रिंक तुला ओळखू येणार नाही. फरशीला भेगा पडल्यात, कठडा एका बाजूने बसलाय. बाबा कठड्याला धरून उभे होते आणि त्यांची मान हळूहळू फिरत होती. डावीकडून उजवीकडे, मग पुन्हा डावीकडून. कोणीतरी समोरून गोल फिरत असावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं तशी.

ते बोलत होते. “बस झालं तारा. थांब आता. दवाखान्यात जाऊ.”

मी हाक मारली तर दचकले नाहीत. “आलीस का? पाय ना, तारा थांबूनच नाही राहिली,” म्हणाले, जणू मला सगळं ठाऊक आहे.

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. वय झालं, असंच मनाशी म्हणाले. पण बाकी सगळ्या बाबतीत ते माझ्यापेक्षा शुद्धीवर आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग मीही जायला लागले, सोबत म्हणून.

तुझ्यापासून लपवत नाही. दसऱ्यानंतरच्या एका संध्याकाळी मलाही ऐकू आलं. वळणाजवळ फरशीचा सांधा होता, आठवतो? त्यावरून चाकं गेली की टक्क असा आवाज यायचा. तोच. मग थोडा वेळ घरघर, मग पुन्हा टक्क. वारा नव्हता, रस्त्यावर ट्रक नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांची मान नेमकी तेव्हाच सांध्यापाशी आली होती.

मी विचारलं, “बाबा, ती काहून थांबत नाही?”

त्यांनी कठड्यावरची राख हाताने पुसली. मग म्हणाले, “मी तिले कधी थांब म्हटलंच नाही वं. आता म्हणतो तं तिले वाटते, बाबा परीक्षा पाहून राहिले. अजून जोरात जाते.” थोड्या वेळाने तुझं नाव घेतलं, “धम्मानं बोलावलं तं तारा येईन. तोच आणे तिले रोज घरी.”

रिंक डिसेंबरमध्ये फोडणार आहेत. तिथे गाड्यांसाठी शेड होणार म्हणतात. हे कळल्यापासून बाबा नीट जेवत नाहीत. ताटावर बसतात, एकच विचारतात, “फोडल्यावर ते पोरगी कुठं जाईन?”

दादा, त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही. ते मागणं माझं नाही. तू फक्त एकदा ये, आणि तिला हाक मार. तुला हा वेडेपणा वाटला तर दोन वेड्या माणसांसाठी ये.

तुझीच,
रोशनी


नाशिक
रविवार, २८ डिसेंबर २०२५

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम.

हे पत्र मी रोशनीला लिहायला बसलो होतो. दोनदा तिचं नाव लिहून खोडलं. तुम्हालाच लिहायला हवं.

कोराडीला आलो होतो त्या दिवशी मी न जेवता, तुम्हाला न सांगता स्टेशनवर निघून गेलो. रोशनीने पोळ्या केल्या होत्या. तुम्हाला राग आला नसेल, पण वाईट वाटलं असेल. कारण पुढे लिहितो.

आधी खरं सांगतो, मी तिच्यासाठी आलो नव्हतो. रोशनीचं पत्र वाचून मला ताराची नाही, रोशनीची काळजी वाटली. म्हाताऱ्या माणसाबरोबर राहून हिलाही भास व्हायला लागले असं मी धरलं होतं. इथल्या एका डॉक्टरांशी बोललो होतो. तुम्हा दोघांना त्यांच्याकडे घेऊन यायचं ठरवून मी गाडीत बसलो.

तुम्ही रिंकवर होता. मी इतक्या वर्षांनी समोर आलो आणि तुम्ही ‘आलास’ एवढंही म्हणाला नाहीत. नुसतं बोट दाखवून म्हणालात, “ते पाय, तिकडं हाये. बोलाव.”

मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. पलीकडे चिमण्यांचा धूर होता आणि फरशीवर बाभळीचा पाला. तुमचा मला भयंकर राग आला. त्या दिवशी दवाखान्यात न्यायचं सोडून आता कोणाला थांबवताय, असं तोंडावर आलं होतं. पण तुमचं बोट अजून तिकडेच होतं. म्हटलं, एकदा ओरडतो, म्हाताऱ्याचं समाधान होईल आणि हा प्रकार संपेल.

मी तशीच हाक मारली जशी तेव्हा मारायचो. “तारे, चल, जेवाले.”

कितीतरी वर्षांत मी ते नाव तोंडाने उच्चारलं नव्हतं.

तुमची मान फिरत होती ती सावकाश झाली, मग थांबली. मग तुम्ही माझ्या अगदी शेजारी पाहिलंत. तुम्ही रिंकचं ते गंजलेलं फाटक उघडलंत, धरून ठेवलंत, आणि आपण बाहेर पडलो. घरापर्यंत तुमचा हात आपल्या दोघांच्या मध्ये होता, खांद्याच्या थोडा खाली, एखाद्या पोरीच्या डोक्यावर असावा तसा. तुम्ही रडत होता. तारा गेली त्या दिवशीसुद्धा मी तुम्हाला रडताना पाहिलं नव्हतं. मला ते बघवेना. म्हणून गेलो.

नंतर रोशनीचा फोन आला. रिंक फोडलं, तुम्ही बघायलासुद्धा गेला नाहीत, दुपारी झोपता, दोन वेळा जेवता. आवाज तिलाही पुन्हा आला नाही. ती खूश होती. मीही ‘बरं झालं’ म्हणालो.

बाबा, आवाज माझ्याकडे आहे.

मी वरच्या मजल्यावर राहतो, वर नुसती गच्ची. मी परत आल्यानंतरच्या रविवारी दुपारी गच्चीवर घरघर सुरू झाली. वर गेलो, तर वाळत घातलेले कपडे होते फक्त. बिल्डिंगमध्ये कोणाकडे स्केट्स आहेत का, विचारून आलो. कोणाकडे नाहीत. मग ती घरात आली. माझ्याकडे हॉलमध्ये टाइल्स आहेत, प्रत्येक सांध्यावर टक्क वाजतं. मी या घरात एकटा राहतो, बाबा, ते तुम्हाला कोणी सांगितलं आहे का ठाऊक नाही. लग्न टिकलं नाही. एकट्या माणसाच्या घरात तो आवाज किती मोठा होतो ते सांगता येणार नाही.

मी डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या घेतल्या. झोप आली, आवाज गेला नाही.

एकदा संतापून ओरडलो, “थांब.” ती अजून जोरात गेली. तुम्ही रोशनीला सांगितलं होतंत, अगदी तसंच.

आणि मग मला कळलं. मी तिला जेवायला बोलावलं होतं. ती माझ्यामागे घरी आली, आणि मी ताटावर न बसता बॅग उचलून निघालो. ती बिचारी माझ्याच मागे चालत राहिली असणार. पुढे कुठे जायचं ते तिला कोणी सांगितलंच नाही.

काल मी वरणभात केला आणि दोन ताटं वाढली. हसू नका. जेवण होईपर्यंत घरात काही वाजलं नाही. हात धुवायला उठलो तशी पुन्हा सुरू झाली, पण सावकाश. आता ती मला काहीतरी विचारते आहे असं वाटलं, आणि काय विचारते तेही आठवलं.

संध्याकाळी तिला घरी आणताना ती रोज एकच विचारायची. “दादा, बाबा काही बोलले?” म्हणजे तिच्याबद्दल. तुम्ही दुसऱ्यांच्या पोरांना शाबासकी द्यायचात. आपलीच पोरगी म्हणून तिला कधी दिली नाहीत, लोक नावं ठेवतील म्हणून. बस हॉर्न वाजवत आली त्या दिवशीही नाही. मी खोटं सांगायचो, “हो, चांगली पळते म्हणत होते.” तिला ते खोटं कळायचं.

तुम्हाला मी माफ केलं असं लिहिणार नाही. ते अजून झालेलं नाही, आणि झालं असं लिहिलं तर तुम्ही ओळखाल. पण तिला जे ऐकायचं आहे ते मला म्हणता येत नाही. मी म्हणून पाहिलं. तिला माझ्याकडून नको आहे.

इकडे या. रोशनीला सुट्टी मिळेल, ती घेऊन येईल. गुडघ्यांचं इथे दाखवू, लिफ्ट आहे, चढावं लागणार नाही. हॉलमध्ये तुमच्यासाठी खिडकीजवळ खुर्ची ठेवली आहे, तिथून पूर्ण घर दिसतं. तिला ‘थांब’ म्हणू नका. ती एक राऊंड मारेल, तुम्ही नुसतं बघा, आणि ती समोरून गेली की म्हणा, चांगली पळालीस. एवढंच म्हणा. मग आपण सगळे जेवायला बसू.

गाडी कोणती ते कळवा. आम्ही दोघं स्टेशनवर येऊ.

तुमचा,
धम्मा