संघपालच्या बँडाशिवाय वरात नाही

२ मे, सकाळी
कुंदे, हे चोरून वाचत असशीन तर आधी गॅस बंद केला का ते पाह्य. भुलली असशीन. सून चांगली हाये, डोकं मात्र चाळणी.
मले अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते अन् मोबाइल लिहिते. वाचणारं कोणी नाही. मीबी नाही.
नातवाचं, सागरचं, लगन चौदा तारखेले अकोल्याले. माहा लेक उद्धव म्हणे डीजे सांगतला. मी म्हटलं, तिवस्याच्या संघपालचा बँड नसला तर मी गाडीत बसत नाही. पोरगं चप्पल घालून बाहेर गेलं. म्हणजे मानलं.

४ मे
नाही मानलं. उद्धव म्हणे, माय, त्याचं क्लॅरिनेट वाजलं का गावचे कुत्रे रडतात. मी म्हटलं, कुत्र्यायले तरी समजते.
लगनाघरी फुलाचे हार पोचवता पोचवता मी हा बँड आयकला. हार देऊन झाले तरी पाय निंघत नोता. लोक म्हणतात, ऑर्डरच नाही, संघपाल बँड मोडून राहिला. अफवा. आपल्या वरातीत एकडाव वाजला का अकोलेवाले रांग लावतीन.
संकल्प : आजपासून रुसली.

८ मे
आमच्याकडं लगनात मोठं माणूस रुसलं तर हात धरून उठवा लागते. नुसतं तोंडानं बोलावलं ते गणतीत नाही.
कुंदा आली. म्हणे, चाला ना आत्याबाई, तुमच्याबिगर कसं? हात कणकेचे. मी उठली नाही.

१३ मे
सागर आला. आंगाले हळद, म्हणून दुरूनच. म्हणे, आजी, चाल वं, रागिणीच्या बाबानं तुह्यासाठी गंमत ठेवली हाये. रागिणी म्हणजे नवरी. मी म्हटलं, गंमत लेकरायले द्या.
लुगडं इस्त्रीसाठी गादीखाली दाबलं. पिशवी भरून दाराआड ठेवली. उद्या उद्धव हात धरीन. लेकच हाये.

१४ मे, सकाळी
उद्धवच्या दोन्ही हातात आहेराच्या पिशव्या. दारातूनच म्हणे, माय, येतं का नाही, शेवटचं इचारतो. हे गणतीत नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. तो म्हणे, बरं. शेजारच्या इंदूबाईले माह्या जेवणाचं सांगून सारे गेले.
अर्ध्या वाटेवरून, मूर्तिजापूरहून, मले न्याले माघारी फिरतीन.

दुपारी
मूर्तिजापूर दूर हाये. वेळ लागते.

संध्याकाळी
कुंदाचा व्हिडिओ कॉल. मांडवाच्या दारात लाल कोट. संघपाल! सागरले इचारून रागिणीच्या बाबानं माह्यासाठी बोलावला. हेच गंमत. संघपालनं फोनात पाहून हात जोडले. म्हणे, आजी, हे शेवटचं लगन, आता बँड बंद. तुमी समोर पाह्यजे होत्या. मंग त्यानं क्लॅरिनेट तोंडाले लावलं, अन् रेंज गेली.
सागरच्या डोक्यावर अक्षता पडल्या तवा मी नवं लुगडं नेसून खाटेवर बसली होती.

१५ मे
रुसवा चालू हाये. कोणावर, ते ठरवाचं हाये.
कुंदे, इंदूबाईची खिचडी आळणी. तिकडून कोणी निंघत असीन तर वांग्याची भाजी पाठव, रस्सा सांडू देऊ नको. बुंदी नको. रुसलेल्या बाईनं गोड खाऊ नये. थोडी पाठव.